निळीच्या रांजणाची वाटणी

एका वर्षावासाच्या आरंभी, आषाढी पौर्णिमेला, मी व्रत घेतले होते की तीन महिने कोणाचीही चूक माघारी बोलणार नाही. अकराव्या दिवशी ते मोडले. मी आणि माझी शेजारीण मिळून शेवया-कुरड्यांचा छोटा व्यवसाय करीत होतो, आणि शेवयांचे यंत्र कोणाच्या ओसरीवर राहायचे यावरून आमच्यात बिनसले. गोष्ट वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेली. ती नोटीस हातात धरून मी गल्लीभर काय काय बोलले ते आठवले की आजही मान खाली जाते. त्याचे पुढे सांगत नाही. त्याऐवजी ही कथा सांगते. भगिनींनो, शांतपणे ऐका.

तथागत जेतवनात राहत असताना एकाच कुटीतल्या दोन भिक्षूंचे एकमेकांशी बोलणे थांबले. कारण पाण्याच्या घड्याचे. घडा दोघांचा, आणि भरायची पाळी कोणाची यावर एकमत होईना. तीन दिवस घडा कोरडा राहिला आणि दोघेही शेजारच्या कुटीतून पाणी मागून पीत राहिले. त्यांना रोज भिक्षा वाढणारी एक उपासिका होती. ती म्हणाली, "भंते, तुमची तहान भागते हो. घड्याची कोण भागवणार?" हे शास्त्यांच्या, म्हणजे तथागतांच्या, कानावर गेले. दोघांना बोलावणे आले. आता बोलणी बसणार म्हणून दोघे खाली मान घालून उभे राहिले.

शास्ते रागावले नाहीत. म्हणाले, "भिक्षूंनो, हे दोघे आजच असे नाहीत. पूर्वीही एका भांड्यावरून भांडले होते. आणि त्या वेळी त्यांच्यापेक्षा मोठी चूक माझी होती."

भिक्षू चकित झाले. त्यांनी विनंती केली, तेव्हा शास्त्यांनी मागची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी वाराणसीत सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा न्याय-अमात्य होऊन राहत होता. त्याचे नाव क्षेमक. तो लाच घेत नसे, कोणाच्या दारी जेवत नसे, आणि निवाडा द्यायला वेळ लावत नसे. सात वर्षांत त्याचा एकही निवाडा फिरून सभेत आला नव्हता. राजाने ठरवले होते की येत्या कार्तिकी पौर्णिमेला भर सभेत क्षेमकाला मानाचे श्वेत छत्र द्यायचे. नगरात याची बोलवा झाली होती. क्षेमक ती ऐके आणि ऐकले नाही असे दाखवी.

नगराच्या उत्तरेला नदीकाठी निळाऱ्यांची, म्हणजे कापडाला निळा रंग देणाऱ्यांची वस्ती होती. तिथे रोहक आणि नंदिल हे दोन निळारी भागीत धंदा करीत. दोघे एकाच गुरूचे शिष्य. गुरूला मूलबाळ नव्हते. मरताना त्याने आपला रांजण दोघांना मिळून दिला. निळीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. त्यात नीळ, चुना, गूळ आणि उकळलेले टाकळ्याचे बी घालून पाणी आंबवतात. ते पाणी जिवंत असते. वर तांबूस झाक असलेला फेस येतो, त्याला निळारी फूल म्हणतात. खाली पाणी हिरवट पिवळे असते. कापड हिरवे बाहेर निघते आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. गुरूचा रांजण चाळीस वर्षे जागा होता. एकदाही झोपला नव्हता.

त्या घरात एक रीत होती. सकाळी ज्याने झाकण उघडले, त्याने काय पाहिले आणि काय टाकले ते दुसऱ्याला सांगायचे. ते सांगितल्याशिवाय त्या दिवशी दुसरे काहीच बोलायचे नाही. "फूल चांगलंय, मूठभर चुना टाकला." "वास आंबट आहे, आज नुसतं ढवळलं." वीस वर्षे दोघांचा दिवस असाच सुरू होत असे.

एकदा दूरदेशीचा एक व्यापारी आला. दोरीवरचे कापड हातात घेऊन त्याने विचारले, "असा रंग मी पाहिला नाही. कोणाचा हा?"

रोहक म्हणाला, "माझा."

एवढेच म्हणाला. त्यात त्याचा काही डाव नव्हता. तोंडातून निघून गेले. पण मागे नंदिल कोपरापर्यंत भिजलेले हात घेऊन कापड पिळत होता, त्याने ते ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिलाने झाकण उघडले, चुना टाकला, आणि रोहकाला काही सांगितले नाही. रांजण त्याचा आहे ना, मग त्याला कळेलच, असे मनाशी म्हणाला. रोहकाला वाटले, आज याने उघडलाच नाही. त्यानेही चुना टाकला. तोही बोलला नाही, कारण रीत आधी नंदिलाने मोडली होती. दहा-बारा दिवस असे चालले. रांजणाला दुप्पट चुना गेला. फूल विरळ झाले, कापडावर डाग पडू लागले. रोहकाला वाटले, नंदिल मुद्दाम रांजण बिघडवतो आहे. नंदिलाला वाटले, रोहक. आणि दोघे राजसभेत उभे राहिले.

त्या दिवशी क्षेमकापुढे बारा दावे होते. हा बारावा. सूर्य माथ्यावर आला होता.

रोहक म्हणाला, "महाराज, हा लपून रांजणात चुना टाकतो."

"लपून?" नंदिल म्हणाला. "दगडाचं झाकण आहे दादा ते. लपून उचलायला मी काय यक्ष आहे?"

"सभेत मला दादा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? वादी?"

क्षेमकाने दोघांना थांबवले. "गुरूने रांजण कोणाला दिला?"

"दोघांना," दोघे म्हणाले.

"मोठ्याला अधिक, धाकट्याला उणं, असं काही सांगितलं होतं?"

"नाही."

"एकत्र राहायचं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली.

"तर मग अर्धा याला, अर्धा त्याला. राजपुरुष मापाने वाटून देतील."

नंदिल पुढे सरकला. "महाराज, रांजण असा वाटला तर तो..."

क्षेमकाने हात वर केला. "रांजणाला काही सांगायचं असेल, तर त्यानं वेगळा दावा लावावा."

सभा खदखदून हसली. सिंहासनावर राजाही हसला. क्षेमकाने ओठांवरचे हसू दिसू नये म्हणून मान खाली घातली. नंदिलाचे तोंड अर्धे उघडे होते, ते मिटले. निवाडा कायद्याला धरून होता. त्यात अक्षराचीही चूक काढता आली नसती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नदीवरून वारा सुटलेला असताना, राजपुरुष माप घेऊन निळाऱ्यांच्या वस्तीत आले. वाटणी उघड व्हावी म्हणून त्यांनी माप उंच धरून, सगळ्यांना दिसेल असे, दोन मडक्यांत पाणी ओतले. एक याचे, एक त्याचे. मापावर फेस आला की तळहाताने निपटून बाजूला फेकला, कारण फेसामुळे माप चुकते. दोघे भागीदार डोळ्यांत तेल घालून मोजणी पाहत होते. "त्याला काठोकाठ भरलं, मला बोटभर कमी," एवढेच काय ते बोलले. ओतता ओतता पाण्याचा हिरवा रंग गेला. ते निळेशार झाले. बघणाऱ्या मुलांना ते फार सुंदर वाटले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही मडक्यांतले पाणी मेले. त्यात बुडवलेले कापड धुतले की पांढरे निघे.

आठ दिवसांनी दोघे पुन्हा सभेत आले. दोघांचा दावा एकच, की दुसऱ्याने रांजण मारला. तंट्यातली वस्तू नष्ट झाली, तर न्यायाधीशाने ती स्वतः जाऊन पाहावी, असा नियम होता. म्हणून क्षेमक आपल्या लेखकाला घेऊन नदीकाठी गेला. पौर्णिमेला चार दिवस राहिले होते.

रोहकाची बायको कुमुदा अंगणात रिकाम्या दोऱ्या सोडून गुंडाळत होती. ती उठून उभी राहिली, तिने हात जोडले.

क्षेमक म्हणाला, "बाई, रांजण पाहायला आलो आहे."

"रांजण कुठला आता? दोन मडकी आहेत. निळं पाणी आहे त्यांत. हवं तर पाय धुवा."

लेखक म्हणाला, "नीट बोला."

क्षेमकाने दोन्ही मडक्यांत पाहिले. अंगणाच्या एका टोकाला रोहक उभा होता, दुसऱ्या टोकाला नंदिल. क्षेमकाने विचारले, "हा कोणी मारला?"

"यानं."

"त्यानं."

कुमुदेने दोरीची गुंडाळी खाली ठेवली. "महाराज, हे दोघं गाढव आहेत, ते मी आधीच कबूल करते. चुना दोघांनी टाकला, आणि दोघांनी तोंडं शिवून घेतली होती. पण त्यानं रांजण आजारी पडला होता, मेला नव्हता. गुळाचं पाणी पाजून आठ दिवस झाकून ठेवला असता तर उठला असता. तो मेला भर दुपारी, वाऱ्यात, उंचावरून ओतल्यावर. निळीला पाण्यातच वारा लागला की ती पाण्यातच निळी होते, मग कापडावर काय बसणार? हे आमच्या घरात नवी आलेली सूनही जाणते. त्या दिवशी भावोजी तुम्हाला तेच सांगत होते."

तिने दोरीची गुंडाळी पुन्हा उचलली. "तुम्ही विनोद केलात. मीही तिथे होते. मलाही हसू आलं होतं, म्हणून बोलायला मला तरी कुठलं तोंड आहे?"

"बाई, कोणाशी बोलता आहात?" लेखक ओरडला.

"ज्यांनी विचारलं त्यांच्याशी. या खेपेला विचारलं त्यांनी."

क्षेमक वळला आणि निघाला. वाटेत लेखक त्याच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "स्वामी, यात अवघड काही नाही. चुन्याने रांजण मेला असं लिहू. निळाऱ्याच्या नखात चुना नाही असं कधी झालंय? दोघांनाही दोषी धरू. खोटं तर नाहीच ते, चुना दोघांनी टाकलाच आहे. मग वाटणीचं नाव निघायचं कारण नाही. चार दिवसांवर छत्र आलंय."

क्षेमक चालत राहिला. लेखकाचे म्हणणे कायद्यात बसत होते. पण चालता चालता त्याला सारखे एकच दिसत होते: नंदिलाचे अर्धे उघडलेले तोंड, आणि ते मिटले तो क्षण. त्याहून वाईट म्हणजे, आपण हसू लपवायला मान खाली घातली होती हे त्याला आठवले. त्या हसण्याची चव अजून जिभेवर होती. बारावा दावा लवकर निकालात निघाला, म्हणून त्या दुपारी तो समाधानाने जेवला होता. एवढे आठवले आणि त्याच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखी आग झाली. रस्त्यात लोक नमस्कार करीत होते. परत नमस्कार करायला त्याचे हात उचलत नव्हते. सात वर्षांत असे किती जण तोंड मिटून घरी गेले असतील, ते त्याला मोजता येईना. त्यांचे निवाडे फिरून आले नव्हते, याचा अर्थ आज त्याला वेगळाच लागत होता.

लेखकाने पुन्हा विचारले, "मग असंच लिहू ना?"

क्षेमक म्हणाला, "तू काही लिहू नकोस. हे मला तोंडाने सांगायचं आहे."

पौर्णिमेला सभा भरली. छत्र राजाच्या उजव्या हाताला मिटून उभे केले होते. निळाऱ्यांचा दावा पुकारला गेला. रोहक आणि नंदिल पुढे आले. त्याच वेळी क्षेमक आपल्या आसनावरून उठला, पायऱ्या उतरला आणि वादी जिथे उभे राहतात तिथे, त्या दोघांच्या शेजारी, जाऊन उभा राहिला. सभेत कुजबुज झाली.

तो म्हणाला, "महाराज, या दोघांना काही विचारण्याआधी मला माझं सांगायचं आहे. यांचा रांजण माझ्या निवाड्यानं मेला."

राजा म्हणाला, "अमात्य, तुझा निवाडा कायद्याला सोडून होता का?"

"नाही महाराज. कायदा म्हणतो, दोघांचं असेल तर अर्धं अर्धं करा. पण अर्धं केल्यावर ती वस्तू जगेल का, हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही. मला जेवायची घाई होती. हा नंदिल न विचारताच सांगायला पुढे आला, तर मी चेष्टा करून त्याचं तोंड बंद केलं. तुम्ही सगळे हसलात, आणि मला ते आवडलं."

जे त्या दिवशी मोठ्याने हसले होते, ते जमिनीकडे पाहू लागले. राजाने छत्राकडे पाहिले आणि नजर वळवली.

क्षेमक नंदिलाकडे वळला. "नंदिल, त्या दिवशी तू काय सांगत होतास? आता सांग."

नंदिल दावा जिंकायला आला होता. त्याने रोहकाविरुद्ध सात साक्षीदार आणले होते. तो म्हणाला, "महाराज, ते मी सांगत होतो खरा... पण त्याआधी..." आणि त्याने तोंड लपवले. "आधी चुना मी टाकला. टाकला आणि सांगितलं नाही. दादाला कळू नये म्हणून नव्हे. त्यानं विचारावं म्हणून. त्यानं एकदा तरी माझ्याकडे यावं आणि विचारावं."

"तू का नाही सांगितलंस मला?" रोहक म्हणाला.

"तू व्यापाऱ्याला काय म्हणालास?"

रोहकाला आठवायला वेळ लागला. आठवले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. एवढ्या लोकांत तो ते सांगेल की नाही, असे क्षणभर वाटले. मग तो म्हणाला, "त्यानं विचारलं, रंग कोणाचा. मी म्हणालो, माझा. तू मागे पिळत होतास."

"पिळतच होतो."

"मला माहीत नव्हतं तू ऐकलंस ते."

"ऐकलं नसतं तर चाललं असतं का, दादा?"

रोहक म्हणाला, "नाही." आणि तो वाकून नंदिलाच्या पायांशी हात नेऊ लागला. नंदिलाने ते हात मध्येच धरले. दोघांचे हात नखांपर्यंत निळे होते. कोणाचे कोणते ते दिसत नव्हते.

क्षेमकाने तिथेच उभ्याने निवाडा दिला. पहिली वाटणी रद्द. धंदा दोघांचा, अखंड. दोघांचेही दावे सोडून दिले. आणि कापड पुन्हा रंगेपर्यंत दोन्ही घरांचे धान्य क्षेमकाच्या कोठारातून जाईल. राजा म्हणाला, "पण रांजण तर मेला."

बायकांच्या रांगेतून कुमुदा म्हणाली, "जुना रांजण अजून जमिनीत आहे, महाराज. तळाचा गाळ मापात बसेना, म्हणून तुमच्या माणसांनी तो तसाच सोडला. मी झाकून ठेवलाय. उठेल की नाही, सांगता येत नाही."

रोहक चमकला. "मला कधी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तोही वाटायला निघाला असता तुम्ही."

छत्र त्या दिवशी कोणालाच दिले गेले नाही. क्षेमकाने पद सोडायची परवानगी मागितली. राजाने दिली नाही. क्षेमक आसनावर परत बसला. त्या दिवसापासून निवाडा देण्याआधी तो प्रत्येक वादीला विचारू लागला, "आणखी काही सांगायचं राहिलं का?" दावे संपायला उशीर होऊ लागला. काही लोक म्हणत, अमात्य म्हातारा झाला. पाठीमागे बरेच काही बोलत. ते त्याच्या कानावर येई, आणि तो ते सोसी.

निळाऱ्यांनी गाळात कोमट पाणी घातले, गूळ घातला, टाकळ्याचे बी उकळून घातले, आणि रांजण पेंढ्याने लपेटला. मग वाट पाहणे आले. दोघे एकाच अंगणात वावरत, पण एकमेकांकडे फार पाहत नसत. भांडण मिटले तरी लाज लगेच जात नाही. दहा दिवस झाले, पंधरा झाले. पाणी होते तसेच होते. कुमुदेने बजावून ठेवले होते की झाकणाला कोणी हात लावायचा नाही.

विसाव्या दिवशी सकाळी रोहक नंदिलाच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मी काही टाकलं नाही. नुसतं झाकण उघडून पाहिलं. कुमुदा नको म्हणाली होती, तरी पाहिलं."

नंदिल म्हणाला, "मीही पाहिलं. तुझ्या आधी."

"किती वेळा?"

"रोज."

"मीही रोजच," रोहक म्हणाला.

दोघांना एकदमच हसू आले. इतके, की आतून कुमुदा आणि नंदिलाची बायको काय झाले ते बघायला धावत आल्या. मग रोहकाने विचारले, "तुला काय दिसलं?"

नंदिल म्हणाला, "कडेला एक बुडबुडा होता. एवढासा. तांबूस."

"मलाही तोच दिसला," रोहक म्हणाला, आणि खाली बसला.

ही गोष्ट सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा रोहक आणि तेव्हाचा नंदिल हेच आजचे एका घड्याचे दोन मालक. तेव्हाची कुमुदा म्हणजे यांना भिक्षा वाढणारी ही उपासिका. आणि सभेत हशा पिकवून मग मान खाली घातलेला तो क्षेमक अमात्य म्हणजे मीच." असे म्हणून त्यांनी ह्री या गुणाची थोरवी सांगितली. ह्री म्हणजे आपली चूक आपल्याला दिसली की आतून वाटणारी लाज. ती लाज झाकून ठेवली की माणूस दुसऱ्याचे दोष शोधू लागतो. तिला तोंड दिले की समोरच्याचेही तोंड उघडते. बोलणे संपले तेव्हा ते दोन भिक्षू घडा घेऊन नदीकडे निघाले होते. एकाने गळा धरला होता, दुसऱ्याने बूड. रिकाम्या घड्याला दोन माणसे लागत नाहीत, पण त्यांना कोणी काही म्हटले नाही.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणाची जावेशी भागी असेल, कोणाची बचत गटातल्या बाईशी, कोणाची बहिणीशी दुकानात. कुठेतरी बोलणे थांबले असेल, कागद निघाले असतील, तारखा पडल्या असतील. मी हात जोडून एवढेच मागते. पुढच्या तारखेच्या आधी एकदा तिच्या दारात जा. तिची चूक सांगू नका, ती तिला ठाऊक आहे. आपली एक सांगा. एकच, पण खरी. जीभ जड होईल, कान तापतील. होऊ द्या. आणि सांगून झाले की तिला विचारा, तुला काय सांगायचे होते? मग गप्प राहून ऐका.